टाकीपर्यंतची खाण

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. त्या दुपारी मी हसत नव्हतो. माझ्यामुळं एक अख्खं गाव दगडाखाली गेलं होतं.

घाबरू नका! खरं गाव नाही, गेममधलं.

पण मला विचाराल तर खऱ्या गावाचं काही झालं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. तिथं सरपंच असतो, पोलीस पाटील असतो, बोट दाखवायला पुष्कळ माणसं असतात. इथं सगळा कारभारी मी एकटा!

आमचा गेम असा आहे. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, माणसंही तशीच. ठोकळे खणायचे, रचायचे, घरं बांधायची. मालेगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारे आमचे नितीनभाऊ आहेत. त्यांनी एक सर्व्हर घेतला, म्हणजे आपल्या भागातली सगळी मंडळी एकाच जगात येऊन खेळतील अशी सोय केली. आणि त्याची राखण दिली माझ्याकडं.

मी नववीत शाळा सोडलेला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण सर्व्हरवर बोलायचं कुठं असतं? टाइप करायचं असतं! तिथं मला लोक 'ॲडमिनभाऊ' म्हणतात हो. आमच्या गावात, मेडशीच्या स्टँडवर, मला कोणी 'जरा सरक' यापलीकडं काही म्हणत नाही.

तर या सर्व्हरवर आम्ही सगळ्यांनी मिळून आमची मेडशी बांधली होती. एसटी स्टँड, शाळा, पानठेला, गावाच्या टोकाला पाण्याची उंच टाकी. आणि करुणाताईचं घर.

या घराचं नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोर याच घराचा. करुणाताई आमच्या शेजारची. लग्न होऊन धनजला गेली. मागं तिच्या भावानं जुनं टिनाचं घर पाडून तिथं स्लॅबचं बांधलं. चांगलंच केलं, पण जुन्या घराचा एक धड फोटो कोणाकडं नव्हता. मग ताईनं ते घर आठवून आठवून गेममध्ये उभं केलं. चूल, चुलीमागची धुरानं काळी झालेली भिंत, कंदिलाचा कोनाडा, सगळं. त्या रविवारी तिचे वडील, गुलाबकाका, धनजला तिच्याकडं गेले होते. दिवेलागणीच्या आधी ती त्यांना हे घर दाखवणार होती.

"बाबाले अजून सांगतलं नाई," ती मला फोनवर म्हणाली. "सुमेध, घराकडं लक्ष ठेवजो बाप्पा."

ठेवलं ना लक्ष! असं ठेवलं की काय सांगू!

त्याच दुपारी नितीनभाऊंनी मला एक काम दिलं होतं. गेममध्ये लोक कोळसा, लोखंड, हिरे खणतात. खणून खणून खाण संपते आणि मग भांडणं लागतात. म्हणून गावाच्या बाहेर एक अशी खाण करायची की जी ठरावीक वेळानं आपोआप परत भरेल. काम सोपं असतं. एक कुऱ्हाड हातात घ्यायची. माउसचं डावं बटण दाबून खाणीसाठी खणलेल्या खड्ड्याच्या तळाच्या एका कोपऱ्याला ठोका दिला की पहिला कोपरा ठरला. उजवं बटण दाबून समोरच्या वरच्या कोपऱ्याला दिला की दुसरा ठरला. या दोन कोपऱ्यांच्या मधलं सगळं म्हणजे खाण. झालं!

मी पण तसंच केलं. पण माझं मन भरेना.

आता तुम्ही शेतीवाले असाल तर तुम्हाला कळेल. आमच्याकडं वावराची हद्द ठरवताना चारही कोपऱ्यांत दगड गाडतात. तेवढ्यानं भागत नाही. मग जवळची न हलणारी एखादी वस्तू खूण म्हणून धरतात, विहीर नाहीतर जुनं कडुनिंब. माझे वडील तर खुणेच्या झाडाला कुऱ्हाडीचा टचका मारल्याशिवाय हद्द पुरी झाली असं मानतच नाहीत. मी लहानपणापासून हेच पाहत आलोय. आणि इथं तर हातात आयती कुऱ्हाड!

मी खड्ड्याच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांना ठोके दिले. मग खूण शोधली. सगळीकडून दिसेल असं काय? पाण्याची टाकी! ॲडमिनला उडता येतं. मी गावावरून उडत गेलो आणि टाकीच्या अगदी टोकाला, उजव्या बटणानं, एक टचका मारला.

पुरी झाली हद्द!

नव्या ठोक्यानं जुना कोपरा पुसला जातो, हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण त्या वेळी माझ्या हातात माझ्या बापाचा हात आला होता.

खाणीला नाव दिलं 'मेडशी'. 'फक्त रिकामी जागा भरा' यावर खूण केली. भरताना आत कोणी असेल तर त्याला वर उचलून ठेवा, यावरही केली. पहिलाच दिवस म्हणून हिऱ्यांचं प्रमाण सढळ हातानं वाढवलं. आणि दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळी मेडशी दिसेनाशी झाली.

गावाच्या जागी दगडाचा एक भला मोठा चौकोन उभा होता. खड्ड्यापासून टाकीच्या टोकापर्यंत! स्टँडच्या आत दगड, शाळेत दगड, पानठेल्यात कोळसा. आणि गावात फिरणारी सगळी माणसं चौकोनाच्या डोक्यावर ओळीनं उभी, इकडंतिकडं पाहत.



तेवढ्यात हेडफोनमध्ये पवनचा आवाज आला. पवन म्हणजे मालेगावजवळ ज्याचा भाजीचा मळा आहे तो. सकाळी मेथी विकतो, दुपारी हिरे खणतो.

"अबे या रे लवकर! शाळेत हिरे निघून राह्यले!"

"खरं सांगतं काय बे?"

"मास्तरच्या खुर्चीखाली! ओ ॲडमिनभाऊ, मानलं तुमाले! काय सरप्राइज देल्लं!"

सरप्राइज! आता यांना काय सांगू? माइकवर बोलायची हिंमत नव्हती. लोक धडाधड खणायला लागले. दगड फोडता फोडता भिंतीपण फोडायला लागले. आणि जिथं भिंत फुटली तिथं थोड्या वेळानं परत दगड आणि हिरे भरले. माझी खाण अगदी चोख काम करत होती हो! जिंदगीत पहिल्यांदा माझं एखादं काम एवढं चोख झालं होतं.

मला एकच दिसत होतं. त्या दगडाच्या पोटात कुठंतरी करुणाताईचं घर होतं, आणि त्याच्या भिंती अजून शाबूत होत्या. मी घाईघाईनं टाइप केलं: 'करुणाताईच्या घराकडे कोणीही जाऊ नका.'

 खणण्याचे आवाज थांबले.

मग पवन हळूच म्हणाला, "समजलो भाऊ."

'काय समजलास?' मी टाइप केलं.

"मोठा माल तिथं हाय, नाई का? चला रे, करुणाताईकडं!"

'नाही! तिथं काहीच नाही!!' मी लिहिलं.

"दोन दोन उद्गारचिन्हं देल्ली पाय! म्हणजे लयच हाय!"

सगळं गाव त्या घरावर तुटून पडलं. मी नितीनभाऊंना फोन लावला. ते कोणाच्या तरी साखरपुड्यात होते. मागं बँड वाजत होता.

"भाऊ, खाण गावात घुसली!"

"काय घुसलं?"

"खाण! सगळं गाव भरलं!"

"मंग चांगलं हाय ना, भरू दे! जेवाले बसून राह्यलो मी."

शेवटी ओरडून ओरडून सांगितलं. मुखदुबळ्या माणसाला फोनवर ओरडावं लागणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. भाऊंनी विचारलं, "सकाळी गावाची कॉपी काढून ठेवली होती ना?"





"खाणीच्या उद्घाटनाच्या पताका लावत होतो, भाऊ."

"धन्य हायस! बरं, आता खाणीचं नाव लिही अन् काढून टाक."

मी लिहिलं. पडद्यावर प्रश्न आला: 'मेडशी कायमची काढून टाकायची? हो / नाही.'  खाण जाईल की गाव जाईल? नाव तर एकच! भाऊ फोनमध्ये "दाब ना बे, कायले भेतं?" म्हणत होते. मी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं आणि दाबलं.

गाव राहिलं. भरणं थांबलं. पण भरलेला दगड तसाच होता, आणि पवनची टोळी ताईच्या स्वयंपाकघरात पोचली होती.

मग मी माझ्या पेटीतले होते नव्हते तेवढे सगळे हिरे बाहेर काढले. पवनला लिहिलं, हे घ्या, वाटून घ्या, पण हे घर सोडा. त्यानं ते घेतले, आणि जाता जाता म्हणाला, "तुमी दिलदार माणूस हा भाऊ." दिलदार! 

ते उरलेल्या हिऱ्यांसाठी बाकीच्या गावातला दगड उपसायला गेले, आणि मी एकटा घराला लागलो. एक एक दगड काढला. फुटलेल्या भिंती आठवून आठवून जोडल्या. त्या घरी मी लहानपणी रोज असायचो, म्हणून बरं. चुलीभोवती तर हिरेच हिरे होते, भिंतीत, कोनाड्यात, चुलीच्या तोंडात. सगळे वेचून काढले आणि पवनच्या टोळीकडं पाठवून दिले, परत फिरकायला नको म्हणून. मागची भिंत पुन्हा काळी केली. एक डाग ठेवला नाही. पाठ मोडून आली, पण ताई सर्व्हरवर आली तेव्हा घर जसंच्या तसं होतं.

"सुमेध, बाबा बसले हायत बाजूले," ताईचा आवाज आला. "चाल, आत जाऊ."

ती दारातून आत गेली. मी मागं भिंतीला चिकटून उभा. 

 गुलाबकाकांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "हे तं आपलंच घर हाय पोरी. हा कोनाडा… तुई माय इथं कंदील ठेवत जाय."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वाचलो! वाचलो एकदाचा!

"पण हिरे कुठं गेले?" काका म्हणाले.

"कोणते हिरे, काका?" ऐका, मी माइकवर बोललो! आयुष्यात पहिल्यांदा!

"अरे, मी दुपारी एक मिनिट आली होती ना, थेट चुलीपाशीच," ताई म्हणाली. "तं तिथं सगळे हिरेच हिरे! मले वाटलं तूच बाबासाठी सजवलं. फोटो काढून बाबाले दाखवला. तवापासून तेच चालू हाय त्यायचं, हिरे पाह्याचे, हिरे पाह्याचे."

"तुया मायनं जलमभर त्या चुलीपाशी धूर खाल्ला," काका म्हणाले. "म्हटलं, एखाद्यानं तिच्या चुलीले हिरे लावले. लय बरं वाटलं होतं गा. काहून काढले?"

 कमांड लिहून ॲडमिनला पाहिजे तेवढे हिरे करता येतात, ते मला माहीत आहे. पण कमांडला हात लावायची माझी त्या दिवशी छाती होती का? सांगा तुम्हीच.

म्हणून ॲडमिनभाऊ हातात रिकामी टोपली घेऊन अख्ख्या मेडशीत दारोदार फिरले. माइकवर. मोठ्यानं. "पवनभाऊ, एखादा हिरा हाय काय? चुलीत लावाले पाह्यजे."