सोपटाने बांधलेल्या पुड्या

दुपारच्या जेवणासाठी मागे ठेवलेली पुडी दार्सितीने सोडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. केळीच्या पानात पांढरी, घट्ट वडी असायला हवी होती. तिथे पिवळट, बुळबुळीत लगदा होता आणि पानाला तेलकट पाणी सुटलं होतं.

बोंगक्रेक हा प्रकारच असा. नारळाचं दूध पिळून तेल कढवलं की चोथा उरतो. तो आंबुटीच्या आंबट पाल्यात भिजवायचा, वाफवायचा, बुरशीचं विरजण लावून केळीच्या पानात बांधायचा आणि दोन दिवस वाट बघायची. सोयाबीन परवडत नाही अशा घरांत, म्हणजे गावातल्या जवळजवळ सगळ्या घरांत, तोंडी लावायला हेच. मासळी सणासुदीला. बोंगक्रेक साधलं तर बोटं चाटावीत, बिघडलं तर माणसं मरतात. टेकडीपलीकडच्या वस्तीत एक अख्खं घर गेलं होतं, ते बनवणाऱ्या बाईसकट. म्हणून आंबुटी. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण आंबुटीशिवाय चोथा बांधायचा नाही, हे आईने दार्सितीला हातावर फटके मारून शिकवलं होतं.

आणि तिने तसाच बांधला होता. यंदा उन्हाळा लांबला, ओढ्याकाठची आंबुटी करपून गेली. पदरात होता तेवढा पाला पहिल्या घाण्याला संपला. उरलेल्या चोथ्याकडे बघत ती स्वतःशी म्हणाली, एका वेळेने काय होतंय? टाकून द्यायचा जिवावर आला, दुसरं काय! बांधायच्या बांबूच्या सालीही तेव्हाच संपल्या, म्हणून त्या पुड्या तिने केळीच्या सोपटाने बांधल्या. हातातल्या पुडीला सोपटच होतं. बाकी सोपटाच्या सगळ्याच्या सगळ्या पुड्या आज सकाळी तिने निनी वांग्साकडे टाकल्या होत्या.

निनी म्हणजे आजी. त्या म्हातारीला अख्खं गाव निनीच म्हणायचं. आज तिचं नवं घर उभं राहत होतं. अशा कामाला गावचे पुरुष फुकट राबतात आणि घरधनीण सगळ्यांना पोटभर जेवू घालते. दार्सितीचा नवराही तिथेच होता.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिच्या मनात आपलं नावच आलं. खरं सांगितलं तर उद्यापासून कोण आपली पुडी घेणार? पुन्हा कुणी अंगणात पाऊल टाकू देणार नाही. आणि नाही सांगितलं तर... तिने पुडी तिथेच टाकली आणि पळत सुटली.

बांधावरून पळताना तिचं लुगडं दोनदा पायात आलं. लांबूनच घराचा सांगाडा दिसला, पण हातोड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे माणसं जेवायला बसली. ती आणखी जोरात धावली.

अंगणात पानं मांडली होती. कसाव्याच्या कंदाचा भात, खोबरं घातलेली पाल्याची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि मधोमध मोठ्या कढईत हळदीच्या रश्श्यात बोंगक्रेक. कारसून सुताराने घास उचलला होता. दार्सितीने धावत जाऊन त्याच्या हातावर फटका मारला.

"अगं ए बाई!" कारसून ओरडला. "भूत लागलं का तुला?"

"कढईतलं कुणी खाऊ नका. कुणी खाल्लंय का? सांगा आधी, कुणी खाल्लंय?"

"आत्ता तर बसलोय," एकजण म्हणाला. "तू खाऊ देशील तर खाऊ ना."

दोघंतिघं हसली. निनी वांग्सा कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काय झालं, सिती? सकाळी स्वतः आणून दिलंस, आता घास काढून घेतेस?"

"बिघडलंय, निनी. सोपटाच्या पुड्यांत आंबुटी नाही घातली मी. घरची पुडी सोडली तर पिवळी निघाली."

"पिवळी?" निनीने कढईकडे बोट केलं. "हळदीत सगळंच पिवळं. आमच्या पोरींनी पुड्या सोडल्या, काही दिसलं नाही त्यांना."

"अंधाऱ्या, धुराच्या चुलीपाशी सोडल्या असतील. काय दिसणार?"

"आणि तुझ्या घरचं तोंड? ते खोटं का?"

गावची रीतच होती. पंगतीला बोंगक्रेक असलं की विकणारीने, नाहीतर तिच्या घरच्या कुणीतरी, सगळ्यांसमोर पहिला घास खायचा. सकाळी तिला दारं फिरायची घाई होती. पुड्या टाकताना तीच म्हणाली होती, आमचा माणूस इथेच आहे, त्याला चाखवा.

"तारविनने खाल्ली," निनी म्हणाली. "निखाऱ्यावर भाजून, माझ्यासमोर. म्हणाला, झकास आहे. आता कुणाचं खरं मानू, तुझं का त्याचं?"

दार्सितीने नवऱ्याकडे पाहिलं. तारविन पंगतीच्या टोकाला बसला होता. पानावरून त्याने नजर वर केली नाही.

तिने कढईचे दोन्ही कान धरले. चटका बसला तरी सोडले नाहीत, आणि सगळी कढई मातीत पालथी केली. नव्या घराच्या अंगणात अन्न सांडणं म्हणजे घराला अपशकुन. बायका किंचाळल्या. निनीच्या नातवाने दार्सितीचं मनगट पकडलं. कारसून म्हणाला, "बाई, तुझं डोकं फिरलंय. तुझाच नवरा खाऊन ठणठणीत बसलाय की."

"ते लगेच कळत नाही," ती म्हणाली. "पलीकडच्या वस्तीतली माणसं संध्याकाळपर्यंत चालत-बोलत होती." मग ती मनगट सोडवून नवऱ्यापुढे जाऊन बसली. "अहो, उठा. घशात बोटं घाला. ओका. उठा म्हणते ना."

"सिती, राहू दे."

"राहू दे काय? मरायचंय का तुम्हाला?" तिने त्याच्या जबड्याला हात घातला. हसणाऱ्यांची पाचावर धारण बसली होती.

तारविनने तिचा हात बाजूला केला. "मी गिळलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"गालात धरलं आणि बांबूंच्या मागे जाऊन थुंकलो. चिकट लागत होतं, वासही बरा नव्हता."

क्षणभर दार्सितीला हायसं वाटलं. मग त्याच्या बोलण्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला.

"म्हणजे तुला कळलं होतं," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून नवऱ्याला तू आलं. "कळलं होतं, तरी झकास म्हणालास?"

"नुसतं आंबलं असेल वाटलं. विषाचं मनात नाही आलं, आईशप्पथ. एवढ्या लोकांत तुझं नाव..."

"माझं नाव जाळायला मी एवढी पळत आले, आणि तू ते झाकायला गावाला जेवायला बसवलंस?"

कारसूनने हातातला घास कधीच टाकला होता. आता तो बोटं मातीत घासत होता, पुन्हा पुन्हा. निनी वांग्सा पालथ्या कढईकडे बघत उभी राहिली. मग तिने नातवाला खड्डा खणायला सांगितलं आणि पोरींना कोंबड्या हाकलायला लावलं.

"मी त्याचं मानलं," ती दार्सितीला म्हणाली. "तुझं नाही मानलं."

"माझं मानू नकाच, निनी. आंबुटी घातली नाही ती मीच."

पंगतीने भाजी आणि ठेच्यावर जेवण उरकलं. दार्सिती पोळलेले हात पाण्यात बुडवून बसली होती, आणि तिच्या शेजारी बसायची कुणा बाईची हिंमत झाली नाही.

दिवस मावळताना नवरा-बायको घरी आली. दार्सितीने त्याला दारातल्या बाजेवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. गिळलं नाही म्हणाला, पण लाळेबरोबर किती पोटात गेलं, कुणाला ठाऊक? ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. अधूनमधून विचारायची, चक्कर येते का, दोन-दोन दिसतं का. तो मानेनेच नाही म्हणायचा.

"सिती," शेवटी तो म्हणाला, "मला माफ करशील?"

तिने त्याचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोट ठेवलं.

"आधी उजाडू दे," ती म्हणाली.