वकीलबाईंचं वॉरंट

वकीलबाईंना राग आला की त्यांचा आवाज उतरायचा. बाकीचे वकील टेबल बडवत, तर बाई इतक्या हळू बोलत की न्यायाधीशांना पुढे झुकून ऐकावं लागे. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, छत्रीबागेत त्यांच्या घरातल्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "मी ओरडले तर समज, काही विशेष नाही. कुजबुजायला लागले तर फाइल घट्ट धरून बस."

त्यांच्याकडे नवऱ्याने टाकलेल्या बायका यायच्या, खावटीसाठी, म्हणजे पोटगीसाठी. बाई आधी नवऱ्याचं नावच विचारत नसत. "आज जेवलीस का? काय जेवलीस?" असं विचारत. त्या उत्तरावरून अर्ज आजच टायपायचा की उद्या चालेल, हे त्या ठरवायच्या. आतून पोळी-भाजीचं ताट आलं की मला कळे, आज घरी जायला उशीर होणार.

सुशीला अशीच आली होती. नवरा दिगंबर कापड मिलच्या साचेखात्यात माग चालवायचा. दुसरं घर करून त्याने हिला दोन मुलांसह बाहेर काढलं होतं. खावटीचा हुकूम झाला. मिल चालू होती तोवर कुरकुरत का होईना, तो पैसे भरायचा. मग शहरातल्या मिली एकामागून एक बंद पडायला लागल्या. दिगंबरची मिलही बसली, ती दुसरी बाई निघून गेली, तो म्हाताऱ्या आईकडे परतला आणि खावटी थांबली. सुशीलाच्या मुलांची शाळा सुटायची वेळ आली. बाईंनी वॉरंट मागितलं. पोलिसांनी दिगंबरला मिलच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरून उचललं. पैसे भरता येईनात, म्हणून तो जेलात गेला. आम्ही केस जिंकलो, असंच मला वाटलं.

काही दिवसांनी, ऐन दुपारी, मिलचे कामगार ऑफिसात घुसले. दारात, ओट्यावर, गल्लीत माणसंच माणसं. पुढच्याने टेबलावर हात आपटला. "बाई, सहा महिने पगार नाही. हिशेब मिळाला नाही. आणि तुम्ही आम्हालाच अंदर करता? कल को हमारी बारी आएगी!" मी भिंतीला टेकले. बाई उठल्या नाहीत. त्यांचा आवाज पार खाली गेला.

"मिल बंद कुणी केली, मला ठाऊक आहे. सुशीलाची चूल कुणी बंद केली, ते तुम्ही सांगा."

तेवढ्यात मागून एक म्हातारी वाट काढत पुढे आली. दिगंबरची आई.

"आणि माझी?" ती म्हणाली. "पोरगा जेलात सरकारची रोटी खातोय. सून उपाशी, नातवंडं उपाशी, मी उपाशी. किसका भला हुआ, वकीलसाब?"

बाईंनी सुशीलाची फाइल ओढली आणि वॉरंटचा अर्ज पुन्हा वाचायला घेतला. माणसं हळूहळू पांगली, म्हातारी मात्र ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी कुणीतरी सांगितलं म्हणून सुशीला आली. तिने सासूचं बोचकं उचललं. "चला आई. माझं भांडण तुमच्याशी नव्हतं."

दिगंबर सुटला तो सरळ ऑफिसात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी दार लावायला धावले. बाई म्हणाल्या, "येऊ दे त्याला." तो उंबऱ्यावरच उभा राहिला. "अब क्या, बाई? परत जेलात टाका. घरी तरी काय आहे?"

"मागाशिवाय काय येतं तुला?"

त्याने रिकामे हात पुढे केले. बाईंनी पायात चपला सरकवल्या. त्याला घेऊन त्या सियागंजात एका ओळखीच्या किराणा व्यापाऱ्याकडे गेल्या, आणि पोती उतरवायच्या कामावर त्याला चिकटवून आल्या. वाटेत तो म्हणाला, "तुम्ही मेरे लिए इतना..." बाईंनी त्याला तिथेच तोडलं. "तुझ्यासाठी नाही. मी तिची वकील आहे. म्हणून तुला काम लागलं पाहिजे."

कोर्टात गहजब झाला. वकील विरुद्ध पक्षाला नोकरी लावून देते! दोन्हीकडून खाते, अशी कुजबुज झाली. तक्रार करायच्या धमक्या आल्या. त्याहून वाईट म्हणजे सुशीलाच भांडायला आली. "बाई, तुम्ही पण त्याच्या साइडला गेलात?" बाईंचा चेहरा उतरला. "त्याला कामाला लावलं, माफ नाही केलं," एवढंच त्या म्हणाल्या. सुशीला रागातच गेली. खावटी पुन्हा सुरू झाली तरी कितीतरी दिवस ती ऑफिसची पायरी चढली नाही.

पुढे खावटीच्या दरमहा रकमेवरची कमाल मर्यादा कायद्यातून निघाली. वकिलांच्या सभेत पेढे वाटले. ती मर्यादा जावी म्हणून बाई वर्षानुवर्षं भांडल्या होत्या, म्हणून त्यांना बोलायला उभं केलं. त्या म्हणाल्या, "मर्यादेचं छत काढलंत, चांगलं झालं. पण या शहरात जमीनच खचली आहे. ज्याला मजुरी नाही, त्याच्याकडून वसूल काय करणार? बाईला सरकारने आधी द्यावं आणि मग नवऱ्याच्या मागे लागावं."

"म्हणजे नवऱ्यांची पापं जनतेच्या तिजोरीतून फेडायची?" एक ज्येष्ठ वकील ओरडले.

बाई कुजबुजल्या, "आजही फेडतोच आहोत, साहेब. वॉरंट बजावणारा पोलीस, जेलातली भाकरी, वर्षानुवर्षं पडणाऱ्या तारखा. खर्च सगळा होतो. फक्त तिच्या ताटात काही पडत नाही."

पेढ्याचा बॉक्स पुढे सरकला. कुणी टाळी वाजवली नाही.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. कायदा तिथेच आहे, पण मी वॉरंट मागायच्या आधी कोर्टाला एक विनंती करते: या माणसाला काय काम येतं, ते विचारावं. शेजारचे वकील हसतात. परवा एका न्यायाधीशांनी खरंच पेन खाली ठेवून समोरच्या माणसाला विचारलं. तो आधी भांबावला. मग म्हणाला, "वेल्डिंग येतं, साहेब." आणि पिंजऱ्याच्या कठड्याला धरून रडायला लागला.

माझी अशील कुजबुजली, "मॅडम, रडतोय म्हणून सोडू नका हं."

"सोडत नाही," मी म्हटलं, आणि ओळखीत वेल्डिंगचा कारखाना कुणाचा आहे, ते आठवायला लागले.