बाळ रडलं नाही तर

ट्रेनिंग म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न, जेवणात काय आहे. दुसरा, सर्टिफिकेट आजच मिळणार का. शिरोळपासून गडहिंग्लजपर्यंतच्या सिस्टर कोल्हापुरात येतात, फोटोत पुढे उभ्या राहतात आणि परतीच्या एसटीवर डोळा ठेवून बसतात. शिकवणारी मी. स्वभाव तिखट, जांभई दिलेली मला खपत नाही.

माझा विषय एकच, जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर काय करायचं. टेबलावर रबरी बाहुली असते. तिला कोरडं पुसायचं, पाठ चोळायची, मान नीट ठेवायची. तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच तोंडानाकावर मास्क धरून हवेची पिशवी दाबायची. नीट जमलं की बाहुलीची छाती वर येते.

परवाच्या शिबिरात दारातून अक्का आत आल्या. मी नवी सिस्टर होते तेव्हा मला हाताला धरून शिकवलं ते अक्कांनी. माझी पहिली मुलगी त्यांच्याच हातांत जन्मली. ती रडली नाही. अक्कांनी तिला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, गार पाण्याचा हबका मारला, पुन्हा थापट्या. मी टेबलावर पडून बघत होते. अक्का आहेत म्हणजे रडेल, एवढंच मनात होतं. ती शेवटपर्यंत रडलीच नाही. तेव्हा आम्हा सगळ्यांना तसंच शिकवलं होतं. बहुतेक बाळं रडायचीच, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पुढे अक्का डोळ्यांच्या विभागात गेल्या आणि नवी पद्धत त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. आता निवृत्ती तोंडावर आलेली असताना त्यांची पुन्हा प्रसूती विभागात बदली झाली होती. त्यांना हे शिकवणं भागच होतं. पण शिकल्या की माझ्या लेकीचं त्यांच्या लक्षात येणार, याची मला धास्ती होती.

त्यांची पाळी आली. मी म्हटलं, "अक्का, बाळ रडत नाहीये."

अक्कांनी बाहुली पायांना धरून उलटी केली आणि पाठीवर दोन थापट्या दिल्या. सगळा हॉल खो खो हसला. अक्काही हसल्या. "हात ऐकतच न्हाय की गं माझं," म्हणाल्या. मला मात्र हसू आलं नाही.

बाकीच्या जेवायला गेल्या. अक्का थांबल्या. मास्क निसटायचा, हवा बाजूने जायची, त्या पुन्हा धरायच्या. शेवटी बाहुलीची छाती वर आली. अक्कांनी पिशवी सोडली, परत दाबली. परत वर आली.

"एवढंच करायचं हुतं व्हय?"

मी बाहुलीची मान पुन्हा सरळ केली.

"तुझी लेक... तवा ह्ये ठावं असतं तर जगली असती का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिचं काळीजच कमकुवत असेल, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण उद्या अक्कांच्या हातात कुणाचं तरी न रडणारं बाळ येणार होतं. या पिशवीने काही होत नाही असं त्यांच्या मनात बसलं तर त्या पुन्हा थापट्याच मारणार. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं मला हे कुणाला तरी मोठ्याने सांगायचंच होतं.

"व्हय, अक्का," मी म्हटलं. "बहुतेक जगली असती."

दोघींनाही रडू आवरलं नाही. मी त्यांचे हात हातात घेतले. त्यांच्यावर मला कधीच राग नव्हता, तेही मी सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"तुझ्या एकटीचीच न्हाय की गं," त्या म्हणाल्या. "ती इचलकरंजीची बाई, मागावर कामाला जायची, लई नवसानं बाळ झालेलं तिला. ते बी?"

"सांगता येत नाही, अक्का." हे खरंच होतं, मी तिथे नव्हते.

अक्कांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग आपल्या हातून गेलेल्या पुढच्या बाळाचं विचारलं, मग त्याच्या पुढच्याचं.