सात वेळा साक्षर

आमच्या सेवा क्लबच्या कपाटात एकाच बाईची साक्षरतेची सात प्रमाणपत्रं आहेत. सातही माझ्या हस्ताक्षरातली. त्यातलं एकही तिला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं, अध्यक्षांना ठाऊक होतं, आणि बाईला तर होतंच. तरी दरवर्षी आम्ही टाळ्या वाजवायचो. लाज तेव्हाही वाटायची, पण क्लबच्या नोंदवहीत लाज लिहायला रकाना नाही.

माझं औषधांचं दुकान आहे आणि एकोणीस वर्षं मी क्लबचा सेक्रेटरी आहे. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. सेक्रेटरी बदलत नाही, कारण पत्रं लिहायचं काम कुणालाच नको असतं. बाईला आम्ही सगळे मावशी म्हणतो. वयानं ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण हातात झाडू आला की बाई आपोआप सगळ्यांची मावशी होते. सकाळी ती शाळा झाडायची, दुपारी क्लबचा हॉल.

ती आमची लाभार्थी कशी झाली ते सांगतो. माझ्या पहिल्याच वर्षी ब्लँकेट वाटपाचा कार्यक्रम होता. अध्यक्ष दोन तास उशिरा आले आणि तोवर ब्लँकेट घेणारे कंटाळून घरी गेले. फोटोग्राफर घड्याळ बघत उभा. मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होती. कुणीतरी म्हणालं, "मावशी, जरा इकडं या." तिनं हात कोरडे केले, ब्लँकेट घेतलं आणि कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं. तिची पापणी लवत नाही. फोटो असा काही आला की प्रांतीय कार्यालयानं तो मासिकाच्या मुखपृष्ठावर छापला. झालं! तिथून पुढं आमच्या क्लबचा कुठलाही प्रकल्प मावशीवाचून पुरा होईना. चष्मे वाटले तेव्हा तिनं चार चष्मे घेतले. नजर तिची घारीची. श्रवणयंत्र कानाला लावून घेताना ती डॉक्टरांना म्हणाली, "हळू बोला, ऐकू येतंय." कृत्रिम पायांच्या शिबिरात, दोन्ही पाय जागेवर असल्यामुळं, तिला तेवढं टेबलामागं उभं केलं.

क्लब नुसते फोटोच काढतो असं कुणी म्हटलं तर मात्र मी भांडायला उठेन. शाळेतले बाक आमचे. पाण्याची टाकी आमची. मुलींची स्वच्छतागृहं आमची, आणि दारं लावायची राहिली होती ती पुढच्या वर्षी आम्हीच लावली. घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. प्रत्येक अध्यक्षाला प्रकल्प 'सुरू' करायचा असतो. दुसऱ्यानं सुरू केलेलं पुढं नेणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरणं, असं आमचे यंदाचे अध्यक्ष म्हणतात. ते दातांचे डॉक्टर आहेत.

त्यामुळं साक्षरता वर्ग दरवर्षी नव्यानं सुरू व्हायचा. नवे अध्यक्ष फळ्यावर ग, म, भ, न काढायचे, मावशीचा हात धरून गिरवून घ्यायचे, फोटो निघायचा, चहा यायचा आणि मी प्रमाणपत्र लिहायचो. पुढच्या वर्षी ये रे माझ्या मागल्या. सात वर्षांत मावशीची ती चार अक्षरं अशी झाली होती की छापखान्यानं शिकून घ्यावीत. पाचवं अक्षर तिनं बघितलेलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात शाळेच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका निवृत्त व्हायचे होते. मावशी अकरा वर्षं शाळेत रोजंदारीवर होती. सुट्टी लागली की काम बंद, काम बंद की घरात डबे रिकामे. नवऱ्याचा हात गॅरेजमध्ये टायरच्या यंत्रात सापडल्यापासून घर तिच्या एकटीवर होतं. तीन मुख्याध्यापक तिला "पुढच्या वर्षी कायम करू हं, मावशी" असं तोंडभरून सांगून निवृत्त झाले होते. आताच्या मुख्याध्यापिका तशा नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, जागा कायमची आहे आणि ती मला तुम्हालाच द्यायचीय. पण बाटल्यांवरची नावं वाचता आली पाहिजेत. नाही आली, तर नवे वर्ग सुरू व्हायच्या आत मला जाहिरात द्यावी लागेल."

प्रयोगशाळाही मावशीच झाडायची, आणि आधी ती बाटल्या रंगावरून ओळखायची. निळी कसली, पिवळी कसली, बुटकी कसली, सगळं तिला पाठ. पण गेल्या वर्षी क्लबनं प्रयोगशाळेला साठ नव्या बाटल्या भेट दिल्या. साठही तपकिरी, साठही एकाच उंचीच्या. त्या भेटीच्या फोटोतही मावशीच आहे.

ती क्लबच्या बैठकीत आली. हातात पोछा तसाच.

"मला पाचव्या अक्षरापासून पुढं शिकवा," ती म्हणाली.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग आमचे वकील उठले. सात वेळा साक्षर झालेल्या व्यक्तीला आठव्यांदा साक्षर करायचं, तर आधी तिला निरक्षर ठरवावं लागेल, असं त्यांनी समजावलं. निरक्षर ठरवायचं, तर सात अध्यक्ष खोटे ठरतील. त्या सातांपैकी पाच जण बैठकीला हजर होते आणि पाचही जण मूग गिळून बसले होते. शेवटी ठराव झाला की मावशींनी आपलं वाचन असंच चालू ठेवावं. एकमतानं मंजूर. तो मीच लिहिला.

"म्हणजे नाही?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे अभिनंदन!" वकील म्हणाले.

ती फरशी पुसायला गेली. त्या दिवशी तिनं आमच्या पायांखालची फरशी पाय उचलायला न सांगताच पुसली, आणि माझ्या बुटांत पाणी गेलं.

आठवड्याभरात प्रांतपालांचं, म्हणजे प्रांतातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांचं, पत्र आलं. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक प्रकल्पाचा चषक आमच्या क्लबला मिळू शकतो. त्यासाठी, साक्षर केलेल्या एका व्यक्तीनं प्रांतीय अधिवेशनात व्यासपीठावर येऊन कागदावरचं भाषण वाचून दाखवावं. आमच्या क्लबला चषक कधीच मिळालेला नव्हता. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला, दुसऱ्यांदा तोंडचं पाणी पळालं.

"मावशी," ते म्हणाले, "पाच मिनिटांचं भाषण आहे. पाठ करा. कागद नुसता हातात धरायचा आणि मधूनमधून त्याच्याकडं बघायचं. तुम्हाला काय, सवय आहे."

"नाही," मावशी म्हणाली.

एकोणीस वर्षांत तिनं आम्हाला नकार दिला तो पहिल्यांदाच.

"ब्लँकेट घे म्हणालात, घेतलं. व्हीलचेअरवर बस म्हणालात, बसले, आणि मग ती ढकलत गोदामात मीच नेली. पण हे नाही. शिकवा, मग वाचते."

"अहो, पण वेळ कुठं आहे? तीन आठवडे राहिलेत!"

"सात वर्षं होती की, डॉक्टरसाहेब."

आता काय करणार? अडला हरी! आम्ही तातडीची बैठक घेतली. क्लबला शिकवता येत नसलं तरी समित्या नेमता येतात. क ते ङ हार्डवेअरवाल्यांकडं गेले, च-वर्ग मिठाईवाल्यांकडं, त-वर्ग डॉक्टरांकडं, कारण दात त्यात येतो. काना-मात्रा माझ्या गळ्यात पडल्या. जोडाक्षरं वकिलांनी मागून घेतली. गुंतागुंत त्यांच्या आवडीची. ङ आणि ञ या अक्षरांचा रोज उपयोग नसल्यानं ती पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांकडं वर्ग करण्यात आली. उ पहिला की दुसरा यावर मतदान झालं आणि ऊ दोन मतांनी पडला. मग लक्षात आलं की दोन्ही लागतात.

रोज दुपारी दोन ते चार वर्ग. विद्यार्थिनी एक, शिक्षक अकरा. हार्डवेअरवाले पिशवी घेऊन यायचे आणि टेबलावर खिळे, कोयंडा, घासकागद मांडून म्हणायचे, "बोला, मावशी!" डॉक्टर प्लास्टरचा जबडा उघडून 'दाढ' दाखवायचे. मिठाईवाले काय आणायचे ते सांगत नाही, पण च-वर्गाला उपस्थिती सर्वांत जास्त होती. मला वाटलं होतं, या गोंधळात बाई वेडी होईल. झालं उलटंच. पहिल्या आठवड्यात तिनं हॉलच्या भिंतीवर लिहिलेलं 'येथे थुंकू नये' वाचलं आणि वकिलांकडं बघितलं. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या दुकानात आली, काउंटरवरची खोकल्याची बाटली उचलली आणि बोट फिरवत वाचलं, "मु-लां-च्या हा-ता-ला ला-ग-णा-र ना-ही अ-शा जा-गी ठे-वा-वे." मग बाटलीकडं बघून म्हणाली, "आणि तुम्ही कुठं ठेवलीय?" मी ती वरच्या फळीवर ठेवली. संध्याकाळी ती हेच सगळं नवऱ्याला शिकवायची, असं नंतर कळलं. तो टायरवरचे आकडे तेवढे वाचायचा.

तिच्यासाठी भाषण लिहिलं मी. इथं माझी चूक झाली, आणि ती सरळ सांगून टाकतो. एकोणीस वर्षं मी अध्यक्षांची भाषणं लिहितोय. कुठं थांबायचं आणि कुठं हसायचं हे अध्यक्षांना कळत नाही, म्हणून मी लाल शाईनं मध्येमध्ये सूचना लिहितो. हाताला सवय पडलेली. मावशीच्या भाषणातही त्या लिहिल्या गेल्या, आणि लाल अक्षरं मनातल्या मनात वाचायची असतात हे तिला सांगायचं राहिलं. कुठल्याच समितीकडं तो विषय नव्हता.

अधिवेशनाला चारशे माणसं होती. तिसऱ्या रांगेत मुख्याध्यापिका बसल्या होत्या. नवे वर्ग पाच दिवसांवर आले होते आणि जाहिरातीचा मजकूर त्यांच्या पर्समध्ये तयार होता. तसं त्यांनी मला येतानाच सांगितलं होतं. मावशी माइकसमोर गेली. कागद धरला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"मी अंधारात होते," तिनं सावकाश पण खणखणीत वाचलं. "येथे क्षणभर थांबावे."

आणि थांबली नाही.

"सेवा क्लबने माझा हात धरला. येथे अध्यक्षांकडे कृतज्ञतेने पाहावे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी माझ्या मांडीला चिमटा काढला.

"आज मी रोज वर्तमानपत्र वाचते." बोट अडलं. "हे खरं नाही," मावशी सभेला म्हणाली. "आमच्याकडं पेपर येत नाही." आणि पुढची ओळ घेतली. "येथे डोळे पुसावेत. टाळ्या होईपर्यंत थांबावे. न झाल्यास पुन्हा डोळे पुसावेत."

सभागृह फुटलं. माणसं खुर्च्यांवर आडवी होऊन हसत होती. डॉक्टरांनी आ वासलेला. त्यांचे सगळे दात मला मोजता आले. प्रांतपाल शेजारच्याला म्हणाले, "पाठांतर फसलेलं दिसतंय," आणि चषक टेबलाखाली सरकवला. मावशी एकदा लोकांकडं बघत होती, एकदा कागदाकडं.

"चुकलं का काही?" तिनं माइकमध्येच विचारलं.

माझा जीव अर्धा झाला. इतकी वर्षं तिला उभं केलं ते फोटोला, आणि आता हसू करायला. उठून सांगावंसं वाटलं की चूक माझी आहे, तिची नाही. पण मी खुर्चीतच बसून राहिलो.

उठल्या त्या मुख्याध्यापिका. सगळ्या वर्गांना गप्प करण्यात त्यांचा जन्म गेलेला; चारशे माणसं त्यांनी नुसतं उभं राहून गप्प केली.

"हसताय कशाला?" त्या म्हणाल्या. "पाठ केलेलं असतं तर 'येथे डोळे पुसावेत' कुणी पाठ केलं असतं का? कागदावर जे आहे, ते त्या वाचतायत. सगळंच्या सगळं. मला प्रयोगशाळेत असंच माणूस हवंय." मग मावशीकडं वळल्या. "मावशी, सोमवारपासून या. जागा तुमची."

आता टाळ्या झाल्या, आणि त्या खऱ्या होत्या. प्रांतपालांनी चषक पुन्हा वर काढला. डॉक्टर उठून उभे राहिले. फोटोग्राफर पुढं धावला. पण मावशी जागची हलेना.

"बाई," ती म्हणाली, "लिहून द्या."

मुख्याध्यापिका व्यासपीठावर चढल्या. भाषणाच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद मावशीच्या हातात दिला. मावशीनं बोट ठेवलं. माइक चालू होता.

"सो-म-वा-री स-का-ळी सा-डे-सा-त वा-ज-ता..." चारशे माणसं श्वास रोखून ऐकत होती. 'प्रयोगशाळेत'च्या प्रला ती अडली तेव्हा आमचे वकील पहिल्या रांगेतून ओठ हलवत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, आपली आपण सुटली. "प्र-यो-ग-शा-ळे-त म-द-त-नी-स म्ह-णू-न का-मा-व-र ह-ज-र रा-हा-वे."

टाळ्या पुन्हा सुरू होत होत्या. तिनं हात वर करून त्या थांबवल्या, कागद उलटून पाहिला, पुन्हा सरळ केला आणि शेवटच्या ओळीपर्यंत बोट परत एकदा नेलं.

"बाई," ती म्हणाली, "यात 'कायम' कुठं आहे?"

मुख्याध्यापिकांनी कागद परत घेतला आणि पेनचं टोपण पुन्हा काढलं.