तपासणाऱ्याची सही

लिफ्टमध्ये कुणी ना कुणी मला अजून विचारतं, "काय साहेब, लेक काय वाचतेय सध्या?" आणि मी खुशाल सांगतो, "वाचतेय की, काही ना काही चालूच असतं तिचं." सहाव्या मजल्यापर्यंत एवढं खोटं पुरतं. दार उघडलं की मी चटकन बाहेर पडतो. माझी लेक दहा वर्षांची आहे आणि ती वाचत नाही. शाळेचं वाचते, ते धरू नका. पुस्तक हातात आलं की हाक ऐकू न येणं, हे तिच्यात होतं. ते मी घालवलं. मोबाइलनं नाही, शाळेनं नाही, मी.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते मी तपासतो. प्रत्येक मशीनवर एक चेकशीट लटकवलेली असते. ऑपरेटरनं दर दोन तासांनी एक पीस उचलायचा, माप घ्यायचं, आकडा लिहायचा, सही करायची. शेजारी माझी सही, तपासणाऱ्याची. आता दर दोन तासांनी कोण मापत बसतंय? पठ्ठे सकाळीच दिवसभराचे आकडे भरून मोकळे होतात. मी लांबून ओळखतो. एकाच पेनाची शाई, आकडे सगळे सारखे. एकदा तर सकाळी दहा वाजता एकाची बारा वाजताची ओळ भरलेली सापडली. सगळ्या लाइनसमोर त्याची लाज काढली मी. "भावा, तुझ्या घड्याळात बारा वाजले काय?" तो म्हणाला, "चालतंय ओ साहेब, पीस तर ओके आहेत ना." हे 'चालतंय' ऐकलं की माझं डोकं सणकतं. मागून मला काय काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण माझ्या हातून खराब पीस पुढे जात नाही, एवढं ते शिव्या देणारेही मान्य करतील.

हे किस्से मी घरी जेवताना रंगवून सांगायचो. कोण कसा सापडला, कशावरून सापडला, सगळं. लेक घास हातात धरून ऐकायची. मला वाटायचं, बापाचं कौतुक वाटतंय पोरीला.

आम्ही मूळचे लातूरकडचे. चऱ्होलीत फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून ज्वारी दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगमधल्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. लेक चार-पाच वर्षांची असताना माझी फर्स्ट शिफ्ट असली की पावणेपाचला कंपनीची बस मला फाट्यावर सोडायची. घरी यावं तर ही दारातच उभी, हातात म्हशीचं पुस्तक. दोन पिना मारलेलं, सोळा पानांचं. एक म्हैस गावच्या रस्त्यात बसते, काही केल्या उठत नाही आणि वर सरपंचाची टोपी खाते, एवढीच गोष्ट. मी बूट काढायच्या आत सुरुवात करावी लागायची. पुस्तकात म्हैस छापील भाषेत बोलायची, माझी म्हैस मात्र आमच्या गावची होती. "कशाला वरडायलास रे सरपंचा? टोपीच खाल्ली की, डोकं ठिवलंय न्हवं तुझं!" पोरगी हसून हसून लोळायची.

आणि मी मुद्दाम चुकायचो. नवव्या पानावर, टोपीच्या चित्रावर आलो की वाचायचो, "म्हशीनं सरपंचाची चप्पल खाल्ली." लगेच बोट पानावर आपटायचं. "चुकलं! पप्पा, चुकलं! टोपी!" "आँ? मला तर चप्पलच दिसतेय." "नीट बघा! परत वाचा!" मग मी परत वाचायचो, परत चुकायचो. त्या पानावर तिच्या बोटाचा लोणच्याचा डाग पडला होता. अक्षरओळख नसताना तिला अख्खं पुस्तक पाठ होतं, आणि त्या पुस्तकापायीच ती कधी वाचायला लागली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. मग काय, किराण्याच्या पुडीचा कागद, बसच्या पाट्या, गॅसचं कार्ड, समोर येईल ते वाचत सुटली. जिन्यात बसून वाचायची. बायको म्हणायची, "हिला जेवायला बोलवायचं म्हंजे वरातच काढाया लागती."

तेव्हा गप्प बसायला काय झालं होतं मला?

ती दुसरीत गेली. शाळेतल्या पालकसभेत बाई म्हणाल्या, मुलांना रोज वीस मिनिटं वाचू द्या. 'वाचू द्या' म्हणाल्या होत्या हो. मी ऐकलं 'वाचून घ्या'. दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या कॉम्प्युटरवर तक्ता तयार केला. तारीख, पुस्तक, सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, पानं, वाचणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. फ्रिजवर चुंबकानं लावला, शेजारी दोऱ्याला पेन बांधलं. महिना संपला की तक्ता बॉक्स फाइलमध्ये. बायको बघतच राहिली. म्हणाली, "अहो, पोरगी हाय ती. तुमच्या कंपनीतली ऑपरेटर न्हाई." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं. शिस्त लागली की गोडी आपोआप लागते." गोडी! जिला होती तिला लावायला निघालो होतो मी. कपाळ माझं!

हे सोसायटीत पसरलं. सेक्रेटरी म्हणाले, साहेब, आमची पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत, रविवारी क्लबहाऊसमध्ये जरा मार्गदर्शन करा. मला काय, आयतं स्टेज मिळालं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तक्त्याच्या झेरॉक्स वाटल्या. लोक कागदाचे फोटो काढत होते, मी फुगत होतो. सोसायटीच्या वाचनालयासाठी एक कपाट आणलं होतं, त्यात प्रत्येकानं पुस्तकं द्यायची होती. मी लेकीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "आपली मुलं मोठी झाली की त्यांच्याकडून मोठी पुस्तकं वाचून घ्या. चित्रांच्या पुस्तकात रेंगाळू देऊ नका." आणि पिशवीतून म्हशीचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. कपाटात ठेव म्हणालो. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग गेली, ठेवलं, परत येऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतर घरात मी म्हैस झालो नाही. कामावरून आलो की फ्रिजपाशी जायचो, "किती पानं?" विचारायचो, सही करायचो. पानं बरोबर असली की पाठीवर थाप, कमी असली की भाषण. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी येईपर्यंत ती झोपलेली असायची, मग रविवारी सकाळी चहा पिता पिता सगळ्या दिवसांच्या सह्या एका दमात. असंच दोन वर्षं चाललं. पाहुण्यांना मी तक्ता दाखवायचो. पोरगी जिन्यात बसत नाही, पुड्यांचे कागद वाचत नाही, हे मला दिसलं कसं नाही? तक्ता भरलेला होता ना. मला भरलेला तक्ता दिसत होता.

ती चौथीत असताना एक दिवस कंपनीत लाइन बंद पडली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. अडीचला घरी आलो. शाळा सकाळची असल्यामुळे ती आली होती, खिडकीपाशी नुसतीच बसली होती. पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेलो आणि सवयीनं नजर तक्त्यावर गेली. आजची ओळ भरलेली होती. सुरू चार, संपलं चार वीस, पानं अकरा. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अडीच.

मला आधी खरंच वाटेना. बॉक्स फाइल काढली आणि कंपनीत बघतो तशी बघायला बसलो. कुठं निळी शाई, कुठं काळी. पानं नऊ, बारा, दहा, अकरा. सारखा आकडा लागोपाठ कुठंच नाही. अहो, चोर कशावरून सापडतात ते मीच तर जेवताना शिकवलं होतं तिला! बाकीची पुस्तकं शाळेला परत गेलेली, एक मात्र घरातच होतं म्हणून काढून बघितलं. चाळीस पानांचं पुस्तक, तक्त्यात तिनं शंभराच्या वर पानं वाचली होती. आणि प्रत्येक ओळीपुढे माझी सही, ठसठशीत.

मी ओरडलो. इतका ओरडलो की समोरच्यांनी दार उघडलं. फाइल जमिनीवर आपटली, कागद सोफ्याखाली गेले. "कधीपासून चाललंय हे?" ती घाबरली नव्हती, ते जास्त लागलं मला. म्हणाली, "दुसरीपासून."

"म्हणजे वाचलंच नाहीस?"

"आधी वाचायचे. मग तुम्ही विचारायचात, किती पानं. पानं सांगितली की तुम्ही खूश व्हायचात." आणि वर म्हणाली, "तुम्ही पण तर रविवारी सगळ्या सह्या एकदम करता."

एका ऑपरेटरला मी याच गोष्टीसाठी वॉर्निंग लेटर द्यायला लावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी खाली बसून कागद गोळा करायला लागलो. तीही शेजारी बसली आणि महिन्यांप्रमाणे लावून मला देत राहिली.

तसाच उठलो आणि क्लबहाऊसमध्ये गेलो. वॉचमनकडे कपाटाची चावी मागितली तर तो म्हणाला, "कुठलं कपाट?" योगाच्या चटया आणि गणपतीतल्या माळांच्या खोक्यामागं होतं. पुस्तकं त्या रविवारी ठेवली तशीच, धूळ खात. वाचनालय म्हणे, डोंबलाचं वाचनालय! म्हशीचं पुस्तक तळाशी सापडलं. एक पिन गंजून निघाली होती. नवव्या पानावर लोणच्याचा डाग होता. मी तिथंच चटयांवर बसलो आणि रडलो. वॉचमन बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी येऊन म्हटलं, "ये, बस. आज तक्ता नाही काही नाही. नुसतं वाचू." ती आली. शहाण्यासारखी शेजारी बसली, मांडीवर बसायचं वय कधीच गेलं होतं. मी सुरुवात केली. गावची म्हैस काढली घशातून, पण दोन वर्षांत तिचा आवाज बसला होता. "कशाला वरडायलास रे सरपंचा..." बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, ती हसली. लेक पान उलटायला मदत करत होती. नववं पान आलं.

"म्हशीनं सरपंचाची चप्पल खाल्ली," मी वाचलं.

थांबलो. तिच्या बोटाकडे बघत राहिलो. बोट मांडीवर होतं, तिथंच राहिलं. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं, "चप्पल खाल्ली." ती पुढच्या पानाची वाट बघत होती. मग मी वाचत गेलो, सोळा पानं संपवली आणि पुस्तक मिटलं.

ती लगेच उठली. फ्रिजपाशी गेली आणि दोऱ्याचं पेन हातात घेऊन मला म्हणाली, "सोळा लिहू ना?"

"लिहू नको म्हटलं ना बाळा."

"असू दे, ओळ रिकामी राहते." अकरा खोडून तिनं सोळा केले, वेळ बदलली. मग पेन माझ्याकडे धरलं. "वाचलं तुम्ही, म्हणून वाचणाऱ्याची सही तुमची. तपासणाऱ्याची मी करते." मी सही केली. तिनं शेजारी केली, माझ्यासारखीच, खाली रेघ ओढून.

न राहवून मी विचारलं, "वाचताना माझं काही चुकलं का गं?"

"हो," ती म्हणाली. "चप्पल नाही, टोपी."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पेनाला टोपण लावलं.

"चालतंय ना, पप्पा."