गेम कन्सोलमधला धानाचा भुसा

मित्रहो, आज डोकं खराब झालं आहे.

काल सालेकसाच्या एका गुरुजींनी बंद पडलेला गेम कन्सोल दुकानात आणून दिला. बोर्डावर तीन तारा सोल्डर करून कम्प्युटरला जोडल्या, की मशीन स्वतःच स्क्रीनवर बिघाड लिहून सांगते. सकाळभर एकच ओळ: फार गरम. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट दोनदा बदलली, तरी तेच. शेवटी फॅन काढला, तर खालच्या जाळीत धानाचा भुसा.

गुरुजींना फोन लावला.

"पाणी सांडलं होतं. मोबाईल तांदळात ठेवतात ना, हा मोठा, म्हणून धानाच्या कोठीत ठेवला."

"मंग सांगितलं काऊन नाही, गुरुजी?"

"तुम्ही विचारलं कोठं?"

मशीनला सकाळभर विचारत बसलो. काल गुरुजी समोरच उभे होते. तुमचंही असंच होते का?