आन् मी एक

कुठंही माणसं मोजायची वेळ आली की आमच्या मिलचे मुनीमजी शेवटी स्वतःच्या छातीवर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "आन् मी एक." चहाचे ग्लास असोत, नाहीतर शेजारच्या नागरा गावातल्या देवळाला जाताना ऑटोतल्या जागा असोत, स्वतःला मोजायला ते कधी विसरले नाहीत. तुमच्याही कामावर असा एखादा असेल.

मी सातवीत शाळा सोडली. लातूरकडून गोंदियाला एका राइस मिलच्या गोदामाच्या बांधकामावर आलो. बांधकाम संपलं, मी राहिलो. तांदळाच्या पोत्यांची तोंडं मशीननं शिवायचं काम मिळालं. जवळच्या मुर्री गावाहून सायकलवर येणारे मुनीमजी मला "लातूर" अशीच हाक मारत. सुरुवातीला इकडची बोली समजेना. "कायले घाबरून राहिला बे?" म्हणाले की मी आणखी घाबरायचो.

ती भीती लहान होती. मोठी नंतर आली.

एकदा शिवताना सुई अंगठ्यातून आरपार गेली. जखम भरली, पण अंगठा वाकेना. माझ्यापुढं पोती तुंबायला लागली. हमाल कमरेवर हात ठेवून ताटकळत. "लातूर, पोतं शिवून राहिला का पोलकं?" सगळे हसत. मीही हसायचो. पण गावाकडं आईचं औषध माझ्याच पगारावर चालत होतं.

त्याच दिवसांत शेठजी मिलवाल्यांच्या मीटिंगमधून काहीतरी ऐकून आले. ऑफिसातून आवाज आला, "मुनीमजी, आदमी ज्यादा है, बोरी कम. माणशी पोती वाढली पाहिजेत, पोत्यामागची मजुरी उतरली पाहिजे. एक आदमी कम करो. शनिवारी नाव द्या."

मी दाराबाहेरच होतो.

चहाच्या वेळी मुनीमजींनी मला पेपर दाखवला. "हे पाय. देशाचंबी असंच मोजतेत. किती मानसं, किती तास, किती माल निंघाला. मंग एका नगामागं मजुरी किती बसली. ते वाढली का वरचे घाबरतेत, दुसऱ्या देशाचा माल सस्ता पडते म्हणून."

"वरचे घाबरले की काय करतात?"

त्यांनी चष्मा पुसला. "खालच्यायले घाबरवतेत."

पुढचे दोन दिवस ते पेन्सिलीनं पोती टिपत माझ्यामागं उभे होते. मला वाटलं, झालं, माझंच नाव. डबा न उघडता मी शिवत सुटलो. अंगठ्यातून पुन्हा रक्त आलं. "डब्बा खा आधी!" ते ओरडले. त्या ओरडण्यानंही मी दचकलो.

शनिवारी मी चहाची किटली घेऊन मुद्दाम ऑफिसात गेलो. शेठजींनी मुनीमजींना विचारलं, "नाव?"

"शेठजी, पोती भागिले मानसं. मानसांत मलेबी धरलं ना?"

"धरलं तर."

"मी इतक्या वर्षांत एक पोतं उचललो नाही. माहा पगार दोन शिवणाऱ्यांएवढा. मले काढा. पोती तेवढीच राह्यतेत, मानूस कमी होते, मजुरीबी उतरते."

शेठजींना मजाक वाटली. "अरे, फिर हिसाब कौन करेगा?"

"हिसाब तर झाला," मुनीमजी म्हणाले आणि कानामागची पेन्सिल टेबलावर ठेवली.

सोमवारपासून ते आले नाहीत. आठ दिवस हिंमत गोळा करून मी मुर्रीला गेलो. सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही टायर बसलेले. "मुनीमजी, माझ्यामुळं..." मी सुरुवात केली.

"तुह्यामुळं कायले? गुडघे दुखून राहिले होते," असं म्हणत ते तडक उठले, आत सुनेला चहा सांगायला गेले. आतून आवाज आला, "तुही सासू, तू, लातूर, आन् मी एक."

आभार मानायचे राहूनच गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचं घर बंद झालं. नातवाकडं नेलं म्हणतात, गाव कुणाला नीट सांगता येत नाही.

काल शेठजी पुन्हा मीटिंगहून आले. आज सकाळी नवा मुनीम मोबाइल हातात धरून दारात उभा राहिला आणि त्यानं आम्हाला एकेक करून मोजलं. माझ्यापाशी जरा थांबला. मी अंगठा मुठीत लपवला आणि त्याच्या बोटाकडं बघत राहिलो, आता स्वतःच्या छातीवर टेकेल म्हणून.

ते बोट मोबाइलवर टेकलं. मोजणी संपली होती.